काकाओ : जंगल भरायचं, पण कुणासाठी?

टाइल, म्हणजे पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे, मांडण्याचे बैठे खेळ म्हटलं की बहुतेकांना आधी ‘कार्कासोन’ आठवतो. एक टाइल उचलायची, नकाशाला जोडायची आणि आपला माणूस ठेवायचा की नाही ते ठरवायचं. ‘काकाओ’ त्याच कुळातला, पण स्वभावाने वेगळा. इथे प्रत्येक टाइलवर तुमचे चार कामगार आधीच छापलेले असतात. टाइल कुठे ठेवायची आणि कुणाचं तोंड कोणत्या बाजूला करायचं, हा निर्णय तुमच्याकडे असतो. विषय कोकोच्या फळांचा : बागेतून फळं काढा, बाजारात विका, सोनं साठवा. शेवटी ज्याच्याकडे सोनं जास्त, तो जिंकला.

खेळ रचला फिल वॉकर-हार्डिंग या ऑस्ट्रेलियन रचनाकाराने. ‘सुशी गो!’ हा पत्त्यांचा खेळही त्याचाच, म्हणजे खाण्यापिण्याचा विषय त्याला नवा नाही. जर्मनीच्या आबाकुसश्पीले या प्रकाशनाने ‘काकाओ’ २०१५ साली बाजारात आणला. दोन ते चार भिडू, वय आठच्या पुढे, वेळ पाऊण तास. नियम दहा मिनिटांत सांगून होतात. पण नियम कळूनही लोक हरत राहतात, कारण लक्ष सगळं आपल्या कामगारांवर असतं आणि डाव मात्र जंगल भरताना फिरतो. हा लेख नियम पायरीपायरीने सांगेल, पण रेंगाळेल तो याच मुद्द्यापाशी.

डबा घेताना

टाइल्सवर मजकूर नाही, फक्त चित्रं आणि आकडे. त्यामुळे आवृत्ती जर्मन असो वा इंग्रजी, खेळताना फरक पडत नाही. भाषा लागते ती नियमपुस्तिकेपुरती. जर्मनीत राहणारी बहीण सुट्टीला येताना जर्मन डबा घेऊन येणार असेल तर खुशाल आणू द्या.

सांभाळायची गोष्ट दुसरीच. ‘चोकोलाट्ल’ (२०१६) आणि ‘दियामान्ते’ (२०१७) हे मूळ खेळाचे विस्तार आहेत. ते एकटे खेळता येत नाहीत. डब्यावर ‘काकाओ’ हे नाव मोठं आणि बाकीचं लहान दिसलं म्हणून फसू नका.

जुना, वापरलेला डबा घेत असाल तर मोजून घ्या. चार रंगांच्या प्रत्येकी ११ म्हणजे ४४ कामगार-टाइल्स, २८ जंगल-टाइल्स, गावाच्या चार पाट्या, चार पाणके (पाण्याच्या वाटेवर पुढे सरकणाऱ्या सोंगट्या), २० लाकडी कोकोफळं, १२ सूर्य-चकत्या आणि सोन्याची नाणी. नाणी हरवली असतील तर कॅरमच्या सोंगट्याही चालतील. जंगल-टाइल एक जरी कमी असेल तरी मात्र खेळाचा तोल जातो, तो डबा सोडून द्या.

आधी टाइल्सची ओळख

कामगार-टाइल चौकोनी आणि तिच्या चार कडांवर मिळून नेहमी चार कामगार. वाटणी मात्र वेगवेगळी. प्रत्येक भिडूकडे या असतात :

- १-१-१-१ अशा चार टाइल्स : प्रत्येक कडेला एक कामगार
- २-१-०-१ अशा पाच : एका कडेला दोन, समोरची कड रिकामी, उरलेल्या दोन कडांना एकेक
- ३-०-०-१ अशी एक आणि ३-१-०-० अशी एक

शेवटच्या दोन दिसायला सारख्या, पण एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत. तीन कामगारांच्या कडेला एकट्या कामगाराची कड लागून आहे. एकीत ती डावीकडे येते, दुसरीत उजवीकडे. हे क्षुल्लक वाटतं, पण योग्य जागा सापडल्यावर हातात नेमकी उलटी टाइल निघाली की त्याचं महत्त्व कळतं.

२८ जंगल-टाइल्समध्ये साध्या बागा सहा, दुहेरी बागा दोन. बाजार सात (दोन सोन्याच्या भावाचे दोन, तीनच्या भावाचे चार आणि चारच्या भावाचा एकच). सोन्याच्या खाणी तीन (एकाच्या दोन, दोनाची एक). पाण्याच्या जागा तीन, सूर्यस्थानं दोन आणि मंदिरं पाच. हे आकडे पाठ करायची गरज नाही. पण चारच्या भावाचा बाजार एकच आणि पाणी तीनच ठिकाणी, एवढं डोक्यात असू द्या.

मांडणी

१. प्रत्येकाने गावाची एक पाटी घ्यायची. तिच्यावर फळं ठेवायला पाच जागा, सूर्य-चकत्यांना तीन जागा आणि कडेने पाण्याची वाट. पाणक्या वाटेच्या सुरुवातीला, म्हणजे उणे १० वर उभा करायचा. खेळाची सुरुवातच दहाच्या तोट्याने होते, हे नव्या भिडूला तेव्हाच सांगा. शेवटी कळलं तर भांडण होतं.

२. आपल्या रंगाच्या कामगार-टाइल्स पिसून पालथ्या ठेवा आणि वरच्या तीन हातात घ्या. दोघे खेळत असाल तर सगळ्या ११ वापरायच्या. तिघे असाल तर प्रत्येकाने १-१-१-१ ची एक काढून टाकायची. चौघे असाल तर तीही आणि २-१-०-१ ची एकही. म्हणजे चालींची संख्या ठरलेली : दोघांत अकरा, तिघांत दहा, चौघांत नऊ.

३. जंगल-टाइल्समधून एक साधी बाग आणि दोनच्या भावाचा एक बाजार काढून टेबलाच्या मध्यावर कोपऱ्याला कोपरा लावून ठेवा. कडेला कड नाही, फक्त कोपरा.

४. दोघांचा डाव असेल तर बाकीच्यातून साध्या बागा दोन आणि तीनचा बाजार, एकाची खाण, पाणी, सूर्यस्थान, मंदिर प्रत्येकी एक अशा सात टाइल्स बाजूला काढा. तिघाचौघांत सगळ्या ठेवायच्या.

५. उरलेलं जंगल पिसून पालथी गड्डी करा आणि दोन टाइल्स उघड्या मांडा. या दोन उघड्या टाइल्स हेच खेळाचं दुकान. पुढची सगळी कुरबुर त्यांच्यावरून होणार आहे.

जागा भरपूर ठेवा. नकाशा कोणत्या दिशेला वाढेल याचा भरवसा नसतो. चहाचे कप दुसऱ्या टेबलावर.

एक चाल, तीन टप्पे

पहिला टप्पा : हातातली एक कामगार-टाइल ठेवा. ती निदान एका जंगल-टाइलला कडेने लागली पाहिजे. दुसऱ्या कामगार-टाइलला, मग ती कुणाचीही असो, कडेने लागता कामा नये. कोपरा लागला तर चालेल. हवी तशी फिरवून ठेवता येते. या एका नियमामुळे नकाशा आपोआप बुद्धिबळाच्या पटासारखा होतो : एक घर कामगारांचं, शेजारचं जंगलाचं.

दुसरा टप्पा : जंगल भरा. तुम्ही टाइल ठेवल्यामुळे एखादी रिकामी जंगलाची जागा आता दोन किंवा जास्त कामगार-टाइल्सना लागत असेल, तर ती भरलीच पाहिजे. कुणाच्या टाइल्स, हे बघायचं नाही. उघड्या दोन टाइल्सपैकी कोणती ठेवायची ते तुम्ही ठरवता. दोन जागा तयार झाल्या तर दोन्ही टाइल्स लावायच्या, कोणती कुठे तेही तुमच्या मर्जीवर. एकही तयार झाली नाही तर पुढे चला. इथे ‘मला नको’ म्हणायची सोय नाही, भरणं सक्तीचं आहे.

तिसरा टप्पा : कामगार कामाला लावा. तुम्ही आत्ता ठेवलेल्या टाइलच्या प्रत्येक कडेचे कामगार समोरच्या जंगलात काम करतात. कोणती कड आधी, कोणती नंतर, हे तुमच्या हातात. बाग आधी आणि बाजार नंतर असा क्रम लावला की एकाच चालीत काढणी आणि विक्री दोन्ही होतात. शिवाय जी जंगल-टाइल आत्ता नवीन ठेवली, तिला लागून असलेले सगळे कामगार काम करतात, तुमचेही आणि इतरांचेही. समोरचा भिडू चाल न करता फळं आणि सोनं घेऊन जातो.

जुन्या जंगलाशेजारी आधीपासून असलेले जुने कामगार मात्र पुन्हा काम करत नाहीत. नवीन टाइल आली तरच हालचाल. सुरुवातीला सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कुणीतरी दर चालीला आपल्या जुन्या कामगारांची मजुरी मागायला लागतो, त्याला वेळीच थांबवा.

शेवटी गड्डीतून उघड्या टाइल्स पुन्हा दोन करा, हातात एक कामगार-टाइल घेऊन तीन करा, आणि पुढचा भिडू.

कोणत्या जागेवर काय मिळतं

बागेत प्रत्येक कामगारामागे एक फळ, दुहेरी बागेत दोन. भांडारात पाचच मावतात, वरची फळं वाया. बाजारात प्रत्येक कामगार एक फळ त्या भावाने विकू शकतो. फळ नसेल तर तो नुसता उभा राहतो. खाणीत प्रत्येक कामगारामागे लिहिलेलं सोनं, अट कसलीच नाही. पाण्याच्या जागेवर प्रत्येक कामगारामागे पाणक्या एक घर पुढे. सूर्यस्थानी प्रत्येक कामगारामागे एक चकती, जास्तीत जास्त तीन.

मंदिरात लगेच काहीच मिळत नाही. डाव संपल्यावर प्रत्येक मंदिराभोवतीचे कामगार मोजायचे. सगळ्यात जास्त ज्याचे त्याला सहा सोनं, दुसऱ्याला तीन. पहिल्या जागेसाठी बरोबरी झाली तर सहा वाटून घ्यायचे आणि दुसऱ्याला काही नाही. दुसऱ्या जागेची बरोबरी झाली तर तीन वाटायचे. वाटणीत अपूर्णांक आला तर तो सोडून द्यायचा.

खरा कोको थोडा वेगळा असतो, हे जाता जाता सांगायला हरकत नाही. मेसोअमेरिकेत, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जुन्या संस्कृतींत, व्यवहार व्हायचा तो सुकवलेल्या बियांचा. त्या चलन म्हणूनही चालायच्या. फळं फांदीच्या टोकाला न लागता थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर लागतात. हे बघायला मेक्सिको गाठायची गरज नाही. केरळ आणि कर्नाटकात नारळी-पोफळीच्या बागांत कोकोचं आंतरपीक घेतात.

एक चाल सोडवून बघू

दोघांचा डाव. मध्ये साधी बाग आहे आणि तिच्या आग्नेयेला, कोपऱ्याला कोपरा लावून, दोनचा बाजार. समोरच्याने पहिली चाल केली : बागेच्या खाली, म्हणजे बाजाराच्या डावीकडे २-१-०-१ ठेवली. दोन कामगार वर बागेकडे, एक उजवीकडे बाजाराकडे, एक डावीकडे मोकळ्या जागेकडे. त्याला दोन फळं मिळाली, त्यातलं एक विकून त्याने दोन सोनं घेतलं. ठीकठाक सुरुवात.

आता तुम्ही. तुमच्याकडेही २-१-०-१ आहे आणि ती बागेच्या डावीकडे ठेवायचं तुम्ही ठरवलंत. तसं केलं की तुमच्या टाइलच्या खालची आणि त्याच्या टाइलच्या डावीकडची जागा ही एकच रिकामी जागा दोन्ही टाइल्सना लागते. ती भरावी लागणार. उघड्यावर पाणी आणि मंदिर आहे. त्याचा एक कामगार त्या जागेकडे तोंड करून आधीच उभा आहे.

टाइल दोन प्रकारे फिरवता येईल. एक म्हणजे दोन कामगार बागेकडे आणि एक खाली. मग दोन फळं मिळतील. खाली पाणी ठेवलंत तर तुमचा पाणक्या उणे १० वरून उणे ४ वर आणि त्याचाही तेवढाच. म्हणजे तुम्हाला सहाचा फायदा, त्यालाही सहाचा. तुमच्या पदरात वर दोन फळं.

दुसरा प्रकार : एक कामगार बागेकडे, दोन खाली. फळ एकच. पण पाणी ठेवलंत तर तुमचा पाणक्या दोन घरं जाऊन उणे १ वर पोचतो, नऊचा फायदा. त्याला सहाच.

आणि मंदिर ठेवलंत तर? दुसऱ्या प्रकारात तिथे तुमचे दोन, त्याचा एक. आत्ता कुणालाच काही नाही, शेवटी कदाचित तुम्हाला सहा आणि त्याला तीन. पण मंदिराच्या दोन बाजू अजून मोकळ्या आहेत. तिथे तो तीन कामगारांची टाइल आणून उभी करू शकतो. शिवाय पाण्याची टाइल उघड्यावर राहते आणि पुढची चाल त्याची आहे.

दुसरा प्रकार आणि पाणी, हे माझं उत्तर. फरक एका फळाचा आणि तीन सोन्याचा आहे, फार मोठा नाही. दोनच्या बाजारात एक फळ म्हणजे दोन सोनं, म्हणजे निव्वळ फायदा एकाचा. पण एवढ्या छोट्या फरकावरच हा खेळ चालतो. आणि बघा, हिशेब करताना आपण ‘मला किती’ याच्याबरोबर ‘त्याला किती’ हेही दर वेळी विचारलं.

जंगल भरताना

समोरच्याच्या कामगारांकडे बघून जंगल निवडायचं, हे वाचायला सोपं आहे. खेळताना हात आपोआप आपल्याला हव्या असलेल्या टाइलकडे जातो. त्यावर काही ठोकळ सवयी उपयोगी पडतात.

त्याचे कामगार जास्त आणि तुमचा एकच असेल, तर तिथे त्याला आत्ता न वापरता येणारी टाइल द्या. त्याच्या भांडारात एकही फळ नाही? बाजार द्या, त्याचे कामगार हात हलवत उभे राहतील. त्याचं भांडार पाचांनी भरलं आहे? बाग द्या, फळं वाया जातील. त्याच्याकडे तीन सूर्य-चकत्या आहेत? सूर्यस्थान द्या. जंगल-टाइल एकदाच त्या जागेवर येते, आणि तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या कामगारांना ती परत काही देत नाही. म्हणून चुकीच्या वेळी दिलेला बाजार हा त्या कामगारांपुरता कायमचा वाया गेलेला बाजार.

उलट बाजूने, तुमची टाइल ठेवताना मोकळ्या जागेकडे दोन-तीन कामगार सोडून ठेवाल तर पुढचा भिडू ती जागा भरताना हेच डावपेच तुमच्यावर लावणार. मोठी कड शक्यतो आधीच असलेल्या जंगलाकडे करा आणि मोकळ्या जागेकडे एकच कामगार असू द्या. तो एकटा कामगार मात्र असू द्याच. समोरच्याने जंगल भरलं की त्याच्या चालीत तुम्हालाही काहीतरी मिळतं, आणि अशी बिनचालीची कमाई डावात चार-पाचदा झाली तरी निकाल फिरतो.

दोन उघड्या टाइल्सपैकी एक घेताना दुसरी कुणासाठी ठेवून जातोय, हेही बघा. दोघांच्या डावात हा प्रश्न थेट आहे. चौघांत जरा सैल, कारण तुमच्यानंतर तिघे आहेत आणि त्यातला एखादा तुमचं काम करून टाकतो. मला स्वतःला म्हणूनच दोघांचा डाव जास्त आवडतो. चौघांत गप्पा चांगल्या होतात, एवढं मान्य.

पाण्याचा हिशेब

पाण्याच्या वाटेवरची घरं अशी : उणे १०, उणे ४, उणे १, ०, २, ४, ७, ११, १६. डाव संपताना पाणक्या जिथे उभा असेल तेवढं सोनं मिळतं किंवा भरावं लागतं.

आता प्रत्येक पावलाची किंमत काढा. पहिलं पाऊल सहाचं, दुसरं तीनचं, तिसरं जेमतेम एकाचं. मग दोन, दोन, तीन, चार आणि शेवटचं पाचाचं. म्हणजे किंमत आधी घसरते आणि नंतर चढते. यातून दोनच शहाणे मार्ग निघतात. एक तर लवकर दोन पावलं टाकायची, नऊचा फायदा घ्यायचा आणि पाणी विसरून जायचं. नाहीतर थेट सोळापर्यंत जायची तयारी ठेवायची. मध्येच शून्यावर किंवा दोनावर येऊन थांबणारा भिडू सगळ्यात स्वस्त पावलांवर सगळ्यात जास्त कामगार खर्च करून बसतो.

सोळापर्यंत आठ पावलं लागतात. पाण्याच्या जागा तिघाचौघांत तीन, दोघांत दोनच. तेव्हा पहिल्या पाण्यावर दोन-तीन पावलं मिळाली आणि दुसरं पाणी अजून गड्डीत आहे असं दिसलं तरच त्या वाटेला जा. पहिलं पाऊल मात्र कुणीही टाकायचं चुकवू नये. एका कामगाराला सहा सोनं देणारी दुसरी जागा नकाशावर क्वचितच मिळते.

नदी नसलेल्या प्रदेशात पाण्याला एवढा भाव असणं विषयाला धरूनही आहे. मेसोअमेरिकेतल्या माया लोकांच्या युकातान द्वीपकल्पात जमिनीवरून वाहणाऱ्या नद्या जवळजवळ नाहीतच. पाणी मिळायचं ते चुनखडीत खचून झालेल्या नैसर्गिक विहिरींतून.

बाग, बाजार आणि पाच फळांची मर्यादा

डाव संपताना उरलेल्या फळांना सोन्याचा भाव नाही. सोनं बरोबरीत आलं तरच फळं मोजतात. त्यामुळे साठवून ठेवणं हा उद्देश असूच शकत नाही. फळ म्हणजे नुसतं अर्धवट काम. भांडारात तीन-चार फळं आली की पुढची चाल बाजाराची असली पाहिजे.

तीन कामगारांची टाइल हातात आली की लगेच ठेवू नका. तिच्यासाठी योग्य जागा बहुतेक वेळा बाजार असते. समजा चारच्या भावाच्या बाजाराच्या आणि दुहेरी बागेच्या मधल्या खाचेत जागा मोकळी आहे. तुमच्याकडे एक फळ. एकटा कामगार दुहेरी बागेकडे, तीन बाजाराकडे : आधी दोन फळं, मग तिन्ही विकून बारा सोनं, एका चालीत. बाजार खाचेच्या कोणत्या बाजूला आहे त्यावर ३-०-०-१ लागेल की ३-१-०-० ते ठरतं. म्हणून ती आरशाची गोष्ट वर सांगितली. तीच टाइल दुहेरी बागेवर तीन कामगार लावून खर्च केली तर सहा फळं मिळणार, आणि भांडारात पाचच मावणार.

पण थांबायचं किती? हातात टाइल्स तीनच असतात. एक अडवून ठेवली की निवड दोघींतच करावी लागते. दोन-तीन चाली वाट बघा. चांगला बाजार नाहीच आला तर तिला मंदिरावर ठेवा किंवा दोनाच्या खाणीवर. तिथे सहा सोनं बिनबोभाट मिळतं.

मंदिरं

पाच मंदिरं म्हणजे तीस सोनं नुसत्या पहिल्या क्रमांकांचं. तरी नवे भिडू मंदिराकडे दुर्लक्ष करतात, कारण तिथे हातात काही पडत नाही. दुसरीकडे काही जण प्रत्येक मंदिरासाठी हाणामारी करतात. दोन्ही महाग. तीन कामगार एकदम उभे केले की त्या मंदिरात बाकीच्यांना यावंसं वाटत नाही, हा तिथला खरा फायदा. आणि एखाद्या मंदिरात तुमचा एकही कामगार नसेल तर जाता जाता एक टाकून ठेवा. दुसऱ्या क्रमांकाचे तीन सोनंही एका कामगारासाठी वाईट नाहीत.

सूर्य आणि शेवटच्या चाली

सूर्य-चकती शेवटी न वापरता उरली तर एक सोनं देते. तिचा खरा उपयोग वेगळा. गड्डी संपली आणि उघड्यावरही जंगल-टाइल उरली नाही, की एक चकती देऊन तुम्ही हातातली टाइल आपल्याच जुन्या कामगार-टाइलवर ठेवू शकता. दुसऱ्याच्या टाइलवर नाही. नवी टाइल असल्याने तिचे चारही बाजूंचे कामगार पुन्हा काम करतात. शेवटच्या टप्प्यात नकाशाच्या कडेला एकाच जंगलाला लागून टाइल ठेवण्यापेक्षा मध्यभागी बाग, बाजार आणि खाण यांच्यामध्ये बसलेली आपली जुनी टाइल झाकणं कितीतरी फायद्याचं.

एक खोच आहे. झाकलेल्या टाइलचे कामगार मंदिराच्या मोजणीतून जातात, त्यांच्या जागी नव्या टाइलचे धरतात. तीन कामगारांनी जिंकलेलं मंदिर झाकताना त्या कडेला किमान तेवढे कामगार येतायत का, हे बघूनच झाका.

सूर्यस्थानं दोनच, दोघांच्या डावात एकच. चौघांत एकूण ३६ कामगार-टाइल्स आणि जंगल २८, त्यामुळे जंगल आधी संपतं आणि चकत्यांना चांगली वेळ मिळते. दोघांत ती संधी फार उशिरा येते, तिथे चकत्यांच्या मागे धावू नका.

शेवटच्या दोन चाली आल्या की हातातल्या टाइल्स उघड्या करून ठेवल्यासारखा हिशेब करा : बाजार कुठे मोकळा आहे, फळं किती, पाणक्याचं पुढचं पाऊल किती किमतीचं, कोणत्या मंदिरात एका कामगाराने बरोबरी मोडते. शेवटच्या चालीला बागेत काम करून काहीच मिळत नाही, अगदी त्याच चालीत विकता येत असेल तर गोष्ट निराळी.

घरी शिकवताना

सगळे नियम आधी सांगू नका. बाग, बाजार आणि टाइल ठेवायचा नियम एवढं सांगून खेळायला बसा. खाण, पाणी, सूर्य, मंदिर या टाइल्स पहिल्यांदा उघड्यावर येतील तेव्हा त्यांचं सांगा. पाण्याचा उणे १० मात्र आधीच सांगायचा, तेवढाच अपवाद.

आजी-आजोबांना खेळवणार असाल तर त्यांच्या पाटीशेजारी फळं ठेवण्यासाठी एक वाटी द्या. लाकडी फळं लहान आहेत आणि घरंगळतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ‘तुझी मोठी कड कुठे बघतेय?’ एवढाच प्रश्न दर चालीला विचारा. समोरच्याला काय मिळतंय हे त्यांना आपोआप दिसायला लागतं, आणि मग ती आजोबांच्या भरलेल्या भांडारापुढे मुद्दाम बाग ठेवतात.

विस्तारांची घाई नको. ‘चोकोलाट्ल’मध्ये चार स्वतंत्र भर आहेत : नकाशे, सिंचन, चॉकलेट आणि झोपड्या. हव्या त्या निवडून खेळता येतात. नकाशांमुळे जंगल-टाइल निवडायला जास्त पर्याय मिळतात, म्हणून मूळ खेळ अंगवळणी पडल्यावर पहिली भर तीच घाला. चॉकलेट दुसरं : फळाचं चॉकलेट करून मग विकायचं, म्हणजे साखळीत एक टप्पा वाढतो. ‘दियामान्ते’मध्ये रत्नांच्या खाणी, जीवनवृक्ष, सम्राटाची कृपा आणि नवे कामगार आहेत. मूळ खेळात दोनच उघड्या टाइल्सपैकी निवडताना अजून डोकं धरावं लागत असेल, तर तो डबा दुकानातच राहू द्या.